पहिली रेलगन बनवताय? नळीपासून सुरू करू नका

नवीन माणूस 'चिल्ड्रन ऑफ अ डेड अर्थ' हा अंतराळयुद्धाचा गेम उघडतो, मॉड्यूल डिझाइनमध्ये जातो, रेलगन (विजेच्या जोरावर गोळी फेकणारी तोफ) निवडतो आणि सगळ्यात आधी नळीची लांबी वाढवतो. मीही तेच केलं होतं आणि ज्यांना ज्यांना हा गेम दाखवला त्या प्रत्येकाने तेच केलंय. २०१६ साली आलेला हा गेम अजूनही मला इतका आवडतो कारण यात 'डॅमेज ५०' असला आयता आकडा नसतो, धातू तुम्ही निवडायचा, जाडी तुम्ही ठरवायची, आणि मग तोफ चालते की वितळते ते फिजिक्स ठरवतं. पण म्हणूनच पहिल्या दोन दिवसांत लोक कंटाळून सोडून देतात, कारण एक स्लायडर हलवला की दुसरीकडे तीन गोष्टी बिघडतात आणि का बिघडल्या ते कळत नाही.

तर मी इथे एकच तोफ सुरुवातीपासून शेवटपर्यंत बनवून दाखवतो, आकड्यांसकट. वही-पेन घ्या, मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरतो. बारावीचं फिजिक्स आठवत असेल तर उत्तमच, नसेल तरी चालेल. स्वतःचा गेम लिहिणाऱ्यांनाही हेच आकडे कामाला येतील, उलट त्यांना जास्तच.

पायरी १: आधी कोणाला मारायचंय ते ठरवा

तोफ बाजूला ठेवा. समोरचं यान बघा. समजा ते १० मीटर रुंद आहे आणि इंजिन चालू करून चुकवाचुकवी करताना त्याचा वेग दर सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद इतका बदलतो, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाच्या साधारण विसाव्या भागाइतका जोर. ऐकायला फारच कमी वाटतं. पण गोळी सुटल्यावर ती सरळ जाणार, वाटेत वळणार नाही, आणि समोरच्याला तेवढ्या वेळात स्वतःच्या अर्ध्या रुंदीइतकं, म्हणजे ५ मीटर, सरकता आलं की तुमची गोळी वाया. अर्ध्या मीटरच्या त्वरणाने ५ मीटर सरकायला त्याला साडेचार सेकंद लागतात.

हा साडेचार सेकंदाचा आकडा वहीत वर मोठ्या अक्षरात लिहा, पुढचं सगळं यावर उभं आहे. गोळीचा वेग गुणिले साडेचार सेकंद, हा तुमचा खात्रीचा पल्ला. गोळी ३ किलोमीटर प्रति सेकंदाने गेली तर पल्ला साडेतेरा किलोमीटर, ७ ने गेली तर साधारण ३१.

आता त्यापलीकडे मारायचं असेल तर? मारता येतं, पण नशिबावर. ५० किलोमीटरवर ७ किमी/सेकंदाच्या गोळीला सात सेकंदांच्या थोडं वर लागतं आणि तेवढ्यात समोरचा साडेबारा मीटर कुठेही सरकू शकतो, म्हणजे त्याच्या शक्यतांचं एक वर्तुळ तयार होतं आणि तुम्ही त्या वर्तुळात अंदाजाने गोळी टाकताय. ढोबळ हिशोब केला तर सहा गोळ्यांत एक लागते. १०० किलोमीटरवर तेच वर्तुळ ५० मीटर त्रिज्येचं होतं आणि शंभरात एक लागते. अंतर दुप्पट झालं आणि नेम सोळा पट बिघडला, कारण सरकण्याचं अंतर वेळेच्या वर्गाने वाढतं आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ त्याच्याही वर्गाने. हे मला समजलं त्या दिवसापासून मी '५०० किलोमीटर पल्ला' असलं काही डिझाइनच्या नावात लिहिणं बंद केलं.

उलट बाजूने बघा, वेग दुप्पट केला की नेम सोळा पट सुधारतो. म्हणून सगळे वेगाच्या मागे धावतात आणि इथेच पहिला खड्डा आहे, तो गोळीच्या पायरीत बघू.

पायरी २: करंट, लांबी आणि वजन, या तिघांचा हिशोब

रेलगन म्हणजे दोन समांतर धातूच्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये सरकणारा एक वाहक तुकडा, त्याला आर्मेचर म्हणतात. एका पट्टीतून करंट येतो, आर्मेचरमधून पलीकडे जातो, दुसऱ्या पट्टीतून परत. त्या करंटचंच चुंबकीय क्षेत्र आर्मेचरला पुढे ढकलतं. यात बारूद नाही, कॉइल नाही, इतकं साधं यंत्र आहे.

ढकलण्याचं बल काढायला एक सूत्र पाठ करा: अर्धा गुणिले पट्ट्यांची दर मीटर इंडक्टन्स गुणिले करंटचा वर्ग. इंडक्टन्स म्हणजे करंटमुळे किती चुंबकीय क्षेत्र तयार होतं त्याचं माप, ती नेहमीच्या मांडणीत मीटरला अर्धा मायक्रोहेन्रीच्या आसपास असते आणि पट्ट्यांचे आकार बदलून ती फारशी हलत नाही, त्यामुळे तिच्या नादी लागू नका. करंट १० लाख अँपिअर धरा. बल येतं २.५ लाख न्यूटन. नळी १० मीटर धरली तर गोळीला मिळणारी ऊर्जा २५ लाख ज्यूल, म्हणजे २.५ मेगाज्यूल. गोळी आणि आर्मेचर मिळून १०० ग्रॅम असेल तर वेग येतो जवळपास ७०७० मीटर प्रति सेकंद, आणि नळीतून बाहेर पडायला तिला ३ मिलिसेकंदसुद्धा लागत नाहीत.

हे हवेतले आकडे आहेत असं कोणाला वाटत असेल तर खरी यंत्रं बघा. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय विद्यापीठात ५ मीटर लांबीच्या रेलगनने ३ ग्रॅमचा प्लास्टिकचा ठोकळा ५.९ किमी/सेकंदापर्यंत नेला होता, आणि त्यासाठी करंट द्यायला तिथलं प्रचंड होमोपोलर जनरेटर (जड चकत्या फिरवून ऊर्जा साठवणारं यंत्र) होतं ज्यात ५०० मेगाज्यूल साठवता यायचे. अमेरिकन नौदलाने डिसेंबर २०१० मध्ये व्हर्जिनियातल्या डाल्ग्रेनला ३३ मेगाज्यूलचा शॉट मारला आणि २०२१ मध्ये तो प्रकल्प थांबवला. जपानने २०२३ मध्ये जहाजावरून समुद्रात रेलगन चालवून दाखवली. आपल्याकडे पुण्यात पाषाणला डीआरडीओची एआरडीई ही शस्त्रास्त्र संशोधन संस्था आहे, तिथेही रेलगनवर काम झालंय. म्हणजे आपल्या उदाहरणातली तोफ खऱ्यापेक्षा थोडी पुढची आहे, पण परीकथा नाही.

आता स्लायडर हलवायच्या आधी हे लक्षात घ्या की लांबी दुप्पट केली तर वेग दुप्पट होत नाही, १.४ पट होतो. करंट दुप्पट केला तर वेग खरंच दुप्पट होतो. म्हणून नळीपासून सुरुवात करू नका म्हटलं, नळी हा सगळ्यात महागडा आणि सगळ्यात कमी परतावा देणारा स्लायडर आहे. १० मीटरची २० मीटर केलीत की वजन वाढलं, फिरवायला जड झाली, यानाच्या बाहेर लोंबणारा सोपा निशाणा झाला, आणि मिळालं काय तर ४० टक्के.

पायरी ३: नळीचं भोक किती मोठं ठेवायचं

इथे बहुतेक जण अडकतात. गेम डिझाइन मान्य करत नाही, दाब जास्त झालाय म्हणतो आणि माणूस धातू बदलत बसतो. धातू नका बदलू, आधी भोक बघा.

तेच २.५ लाख न्यूटन बल गोळीच्या मागच्या बाजूवर पडतंय. भोक ३० मिलिमीटर बाय ३० मिलिमीटर असेल तर दाब येतो साधारण २८० मेगापास्कल, हा चांगल्या मिश्रधातूला झेपतो. भोक १० बाय १० केलंत की तोच दाब नऊ पट, २५०० मेगापास्कल, आणि हा बहुतेक पोलादांच्या ताकदीपलीकडचा आहे. शिवाय तेवढ्याच जोराने दोन्ही पट्ट्या एकमेकींना बाहेर ढकलतायत, कारण त्यांच्यातून करंट उलटसुलट दिशेने वाहतोय. खऱ्या प्रयोगशाळेतल्या रेलगनला बाहेरून एवढे जाडजूड बोल्ट आणि कवच का असतं तर ते याच्यासाठी, नाहीतर पट्ट्या कलिंगडासारख्या फाकतील.

म्हणजे बारीक गोळी आणि प्रचंड बल हे एकत्र जात नाही. भोक मोठं ठेवा, बल सहन होईल एवढं, आणि गोळी बारीक हवी असेल तर तिला आर्मेचरच्या आत बसवा. पृथ्वीवर बारीक बाणाभोवती जे खोगीर लावतात, सॅबो म्हणतात त्याला, ते हवेच्या मारामुळे तोफेबाहेर पडल्यावर गळून पडतं. अंतराळात हवाच नाही! खोगीर तसंच चिकटून जाणार, ते सोडवायला स्प्रिंग किंवा छोटा स्फोटक तुकडा लागणार आणि त्यामुळे गोळी हलणार. माझा सल्ला, नवीन असताना खोगीर विसरा, ॲल्युमिनियमचं आर्मेचर आणि त्याच्या नाकात टंगस्टन, दोन्ही जोडूनच उडू द्या.

पट्ट्यांच्या धातूबद्दल एवढंच की तांबं वीज उत्तम नेतं पण मऊ आहे आणि १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, टंगस्टन ३४०० च्याही वर टिकतं पण वीज तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच नेतं म्हणून जास्त तापतं. मधला मार्ग म्हणजे तांब्यात थोडं क्रोमियम-झिर्कोनियम घातलेले मिश्रधातू. पहिल्या तोफेला तेच घ्या.

पायरी ४: गोळी, आणि इथे घाई नको

माझी पहिली 'भारी' तोफ एक ग्रॅमच्या गोळ्या मारायची. वेग बघून मी खूश होतो, लांबून नेम लागत होता, आणि समोरच्या यानाला काहीच होत नव्हतं. दहा मिनिटं मी गोळ्यांचा पाऊस पाडला आणि त्याच्या बाहेरच्या पत्र्यावर फक्त भोकं पडली. तेव्हा मला व्हिपल शील्ड म्हणजे काय ते शिकावं लागलं.

फ्रेड व्हिपल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात सुचवलेली कल्पना आहे. मुख्य भिंतीच्या पुढे थोडी जागा सोडून एक पातळ पत्रा लावायचा. प्रचंड वेगाने आलेला कण त्या पत्र्याला आपटून स्वतःच फुटतो, वितळतो, त्याचा ढग होतो आणि तो ढग मागच्या भिंतीवर पसरून पडतो, त्यामुळे भिंत टिकते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हेच तंत्र वापरलंय. गंमत अशी की गोळी जितकी छोटी आणि वेगवान तितका हा पत्रा जास्त चांगला काम करतो, साधारण ३ किमी/सेकंदाच्या खाली गोळी नीट फुटतच नाही आणि सरळ आत जाते.

म्हणजे नेम लागायला हलकी गोळी हवी आणि आत शिरायला जड. या दोघांच्या ओढाताणीत आपली १०० ग्रॅमची गोळी मधे बसते. त्यातलं ४० ग्रॅम आर्मेचर आणि ६० ग्रॅम टंगस्टन असं धरा. ६० ग्रॅम टंगस्टनची ८ मिलिमीटर जाडीची कांडी केली तर ती सव्वासहा सेंटिमीटर लांब होते, पेन्सिलीच्या तुकड्याएवढी. एवढ्या वेगात धातू पाण्यासारखे वागतात आणि कांडी किती खोल शिरेल याचं सोपं सूत्र आहे: कांडीची लांबी गुणिले दोन्ही घनतांच्या भागाकाराचं वर्गमूळ. टंगस्टन १९.३, ॲल्युमिनियम २.७, म्हणजे आपली कांडी साडेसोळा सेंटिमीटर ॲल्युमिनियम पार करेल. पोलाद असेल तर साडेनऊच्या आसपास. पातळ पत्र्याने कांडीचं फक्त नाक झिजतं, मागचं शरीर पुढे जातंच.

सूत्रात वेग कुठेच नाही हे बघितलंत का? एका मर्यादेपुढे खोली वेगावर नाही, लांबीवर ठरते. वेग फक्त भोक किती रुंद होईल आणि आत किती नासधूस होईल ते ठरवतो.

आता एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. कांडी आडवी लागली तर? हवेत बाणाला पिसं असतात, ती त्याला सरळ ठेवतात. अंतराळात पिसांचा उपयोग शून्य. नळीतून निघताना गोळीला थोडीशी जरी गिरकी बसली, समजा सेकंदाला सहा अंश, तरी सात सेकंदांच्या प्रवासात ती ४० अंशांनी फिरलेली असणार, आणि तिरकी आपटलेली कांडी म्हणजे छोटी जाड गोळीच झाली, व्हिपलच्या पत्र्याला तीच आवडते. तोफेत आटे पाडून तिला स्वतःभोवती फिरवता येईल का, तर सरळ पट्ट्यांमध्ये ते अवघड. म्हणून जवळच्या मारासाठी कांडी आणि लांबच्या मारासाठी बुटकी जाड गोळी, लांबी जाडीच्या दीडदोन पट, जी कशीही आपटली तरी फरक पडत नाही. स्वतःचा गेम लिहिणाऱ्यांनो, ही गिरकी तुमच्या गेममध्ये नक्की टाका, खेळाडूला दारूगोळा निवडायला खरं कारण मिळतं.

स्फोटकं भरायची का, हा प्रश्न हमखास येतो. नको. एक किलो टीएनटीमध्ये ४.२ मेगाज्यूल ऊर्जा असते, आणि कुठलीही वस्तू २.९ किमी/सेकंदाने धावत असली की तिच्या दर किलोमागे तेवढीच ऊर्जा आधीच असते. आपली गोळी ७ ने धावतेय, म्हणजे ती स्वतःच्या वजनाच्या सहा पट टीएनटी आहे. त्यात स्फोटक भरणं म्हणजे टंगस्टनची जागा वाया घालवणं. मात्र थोडीशी स्फोटकं गोळीचे मुद्दाम तुकडे करायला वापरता येतात, लक्ष्याच्या जरा अलीकडे फोडून छर्ऱ्यांचा ढग करायचा, हे क्षेपणास्त्रं आणि ड्रोन पाडायला फार छान, कारण त्यांना जाड चिलखत नसतं. त्याचा वेगळा साठा ठेवा.

आणि दिशा बदलणारी स्मार्ट गोळी? आपल्या तोफेत गोळीवर पडणारा जोर गुरुत्वाच्या अडीच लाख पट आहे. तोफगोळ्यांतले इलेक्ट्रॉनिक फ्यूज दुसऱ्या महायुद्धापासून २० हजार पटीपर्यंत टिकत आलेत. तेवढ्यावर थांबायचं म्हटलं तर १० मीटरच्या नळीतून २ किमी/सेकंद मिळतात, बस. ती तोफ वेगळी, तिचं काम वेगळं. एकाच नळीतून दोन्ही करायला जाल तर दोन्हीकडून जाल.

पायरी ५: उष्णता, जिथे खरी परीक्षा आहे

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. अंतराळात तेच थंडाव्याचं. भोवती हवा नाही, पाणी नाही, उष्णता बाहेर टाकायचा एकच रस्ता, रेडिएटर तापवून ती किरणांनी सोडायची.

आपल्या तोफेला एका शॉटला १० मेगाज्यूल वीज लागते असं धरू. त्यातले २.५ गोळीत गेले. आणखी २.५ गोळी बाहेर पडताना पट्ट्यांमधल्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेले असतात, करंट कायम ठेवला तर बरोबर गोळीइतकीच ऊर्जा क्षेत्रात जाते हा नियमच आहे, आणि ती परत घेतली नाही तर नळीच्या तोंडाशी प्रकाशाचा लोळ होऊन जाते. ३ मेगाज्यूल पट्ट्यांत उष्णता म्हणून, उरलेले २ कपॅसिटर (वीज साठवून झटक्यात सोडणारा भाग), केबल, आर्मेचर असे इकडेतिकडे.

पट्ट्यांतल्या त्या ३ मेगाज्यूलचं काय होतं ते जवळून बघा. दोन पट्ट्या, प्रत्येकी १० मीटर लांब, ३० बाय २० मिलिमीटर, तांब्याच्या. वजन भरतं साधारण १०७ किलो. तांब्याची उष्णता धरायची क्षमता किलोला ३८५ ज्यूल दर अंशाला. भागाकार करा: एका शॉटला ७२ अंश! पहिला शॉट मारला, खोलीच्या तापमानाची पट्टी शंभराजवळ पोचली. पाचव्या शॉटला चारशेच्या जवळ. थंड केलं नाही तर पंधराव्या शॉटपर्यंत तांबं वितळायला लागलं. आणि ही सरासरी आहे, प्रत्यक्षात मागच्या टोकाला गोळी सुरुवातीला हळू असते म्हणून तिथे करंट जास्त वेळ वाहतो आणि ती जागा आधी जाते.

दर सेकंदाला एक शॉट हवा असेल तर ७.५ मेगावॅट उष्णता सतत बाहेर टाकायचीय (गोळीबरोबर गेलेली सोडून सगळी यानातच राहिली असं वाईटात वाईट धरा). रेडिएटर ८०० केल्विनवर चालवलात तर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला ४६ किलोवॅट जातात, म्हणजे १६० चौरस मीटरच्या वर रेडिएटर लागला, मोठा टू बीएचके फ्लॅट अंथरल्यासारखा. तोच १२०० केल्विनवर चालवला तर ३२ चौरस मीटर पुरतो. तापमान दीडपट आणि क्षेत्रफळ पाचवा हिस्सा, कारण किरणोत्सर्जन तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. पण १२०० केल्विनचा रेडिएटर म्हणजे पट्ट्या त्याहून गरम, आणि तेवढ्या तापमानाला तांब्याचं लोणी झालेलं असतं. कोणता धातू घेतलात यावर रेडिएटर किती मोठा हे ठरतं आणि रेडिएटर किती मोठा यावर यान किती मोठा निशाणा हे ठरतं. माझ्या एका यानाचा पराभव नेमका असाच झाला, तोफा शाबूत, चिलखत शाबूत, दोन्ही रेडिएटर उडाले आणि तीस सेकंदांत एकही तोफ चालवता येईना.

म्हणून अंथरूण पाहून पाय पसरा. आधी रेडिएटर किती लावू शकता ते ठरवा, मग त्यातून सेकंदाला किती शॉट मारता येतील ते काढा. दोन लहान रेडिएटर एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना लावा, शत्रूकडे त्यांची कड करा, सपाट बाजू नको.

पायरी ६: वीज आणि कपॅसिटर

अणुभट्टी १० मेगावॅटची, पण शॉटला १० मेगाज्यूल ३ मिलिसेकंदांच्याही आत हवेत, म्हणजे त्या क्षणापुरते साडेतीन गिगावॅट. ते भट्टी थेट देऊ शकत नाही, मधे साठवणूक लागते. आजच्या खऱ्या पल्स कपॅसिटरमध्ये किलोमागे १ ते २ किलोज्यूल बसतात, तो हिशोब धरला तर ५ ते १० टन फक्त कपॅसिटर. तोफ त्यामानाने काहीच नाही. तुमच्या डिझाइनमध्ये वजन कुठे गेलं हे शोधताना पहिली नजर इथे टाका, नवखे लोक गोळ्यांचा साठा कमी करून वजन वाचवायला जातात आणि १००० गोळ्या म्हणजे जेमतेम १०० किलो!

पायरी ७: तोफ बसवायची कुठे

बुर्जावर बसवत असाल तर नळीचा खिळा मागच्या टोकाला न ठेवता मधोमध ठेवा. १ टनाची १० मीटर नळी टोकाशी धरून फिरवायला जेवढं जड जातं त्याच्या पाव हिश्श्यात ती मधे धरून फिरते. गेममध्ये बुर्ज फिरवण्याचा वेग फार कमी पडतोय असं वाटलं की मोटर मोठी करण्याआधी हे करून बघा.

धक्क्याचं काय? १०० ग्रॅमच्या गोळीचा धक्का ५०० टनाच्या यानाला सेकंदाला दीड मिलिमीटर एवढाच वेग देतो, तो विसरा. पण तोफ यानाच्या मध्यापासून १० मीटर बाजूला बसवली असेल तर प्रत्येक शॉट यानाला किंचित वळवतो. ५० मीटर लांबीच्या त्याच यानाचा हिशोब मी करून पाहिला, वळण इतकं बारीक की डोळ्याला दिसणार नाही, तरी एका सेकंदानंतर ५० किलोमीटरवरचा नेम साडेतीन मीटर हललेला असतो. म्हणून तोफा जोडीने, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, आणि एकदम झाडा. किंवा एकच तोफ यानाच्या कण्यातून सरळ नाकापर्यंत, मग फिरवायची तर अख्खं यान फिरवायचं. मला स्वतःला कण्याची तोफ आवडते, पण दोन शत्रू दोन बाजूंनी आले की तिचा उपयोग संपतो.

नळी किती स्थिर आहे तेही तपासा. एक मिलिरेडियन डगमग म्हणजे ५० किलोमीटरवर ५० मीटर चूक, मग पहिल्या पायरीतलं सगळं गणित फुकट. ०.१ मिलिरेडियनच्या आत आणा, म्हणजे ५ मीटर. पातळ लांब नळी इथे परत मार खाते.

पायरी ८: चाचणी

आता गेममध्ये जा आणि हे आकडे भरा: १० लाख अँपिअर करंट, ३० मिलिमीटर भोक, १० मीटर नळी, १०० ग्रॅम गोळी, सेकंदाला एक शॉट. गेमचा हिशोब आपल्या वहीशी तंतोतंत जुळणार नाही, पण आसपास असेल. मग एकच ठरलेलं शत्रू यान घ्या आणि २०, ३० आणि ५० किलोमीटरवर प्रत्येकी ६० शॉट मारा. तीन रकाने करा, किती लागले, किती आत शिरले, शेवटी पट्ट्यांचं तापमान किती. मग एका वेळी एकच गोष्ट बदला आणि परत मारा. लागतायत पण शिरत नाहीत, तर गोळी जड करा. शिरतायत पण लागत नाहीत, तर गोळी हलकी करा किंवा करंट वाढवा आणि करंट वाढवला की भोकाचा दाब परत काढा. तापमान चढतंय, तर शॉट कमी करा, पट्ट्या जाड करा. २० वर लागतायत आणि ३० वर एकदम बंद झाले, तर गोळीला दोष देऊ नका, समोरच्या यानाचं त्वरण तुम्ही धरलं त्यापेक्षा जास्त आहे, पहिल्या पानावरचा साडेचार सेकंदाचा आकडा खोडून नवीन लिहा आणि तिथून खाली उतरा.